‘लॉ करून ठेव’ म्हणणाऱ्या खानदेशाला काही प्रश्न

खानदेशात एक सल्ला घरोघर मिळतो. ‘एलएलबी करून ठेव, कुठे ना कुठे कामास येईल.’ शाळेत नोकरी लागली, आता लॉ करून ठेवू. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास चालू आहे, सोबत लॉ करून ठेवू. पंचायत समितीला उभे राहायचे आहे, तर नावाआधी ‘अ‍ॅड.’ असलेले बरे. ‘एमबीबीएस करून ठेव’ असे मात्र कोणी म्हणत नाही, कारण अर्धवट शिकलेल्या डॉक्टरच्या हाती आपले माणूस द्यायची कोणाची तयारी नसते. मग आपली शेती, आपली ठेव, आपल्या लेकीची पोटगी आणि आपल्या पोराचा जामीन आपण कोणाच्या हाती देतो?

जळगाव, धुळे आणि नंदुरबारमधील विधी शिक्षणाची अवस्था कोर्टाची पायरी चढलेल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. हा रोख वकिलांवर नाही. आपल्या जिल्हा न्यायालयांत उत्तम वकील आहेत, पण त्यांतले बरेच जण ज्येष्ठांच्या हाताखाली घासून, स्वतःच्या बळावर तयार झाले. पदवीने त्यांना काय दिले, हे त्यांनाच विचारावे. रोख आहे तो पदवी देणाऱ्या व्यवस्थेवर, आणि तिला कधीही जाब न विचारणाऱ्या आपल्यावर.

मुद्दा १. कायदा खानदेशाला परका नाही.

३१ जुलै १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका खटल्यासाठी धुळ्याच्या न्यायालयात आले होते. त्यांचा मुक्काम लळिंगच्या लांडोर बंगल्यात होता आणि आजही दर ३१ जुलैला तिथे हजारोंची गर्दी लोटते. त्या वेळी ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते, ही गोष्ट त्या गर्दीतही फारशी कोणी बोलत नाही. १८५५ पासून चालत आलेल्या त्या संस्थेचा प्राचार्य खानदेशातल्या पक्षकारासाठी उभा राहतो, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण दुसरी बाजूही पाहा. तेव्हा कायद्याचे शिक्षण घ्यायचे तर खानदेशी मुलाला मुंबई-पुण्यासारखे दूरचे शहर गाठण्यावाचून गत्यंतर नव्हते. पुण्याचे आयएलएस १९२४ चे, कोल्हापूरचे शहाजी विधी महाविद्यालय १९३३ चे. आपल्याकडे काहीच नव्हते. पुढे राष्ट्रपती झालेल्या प्रतिभाताई पाटील यांनी एम.ए. जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयातून केले, कायद्याच्या पदवीसाठी मात्र त्यांना मुंबईच गाठावी लागली. त्यांच्यानंतरच्या पिढीतल्या, सरकारी वकील म्हणून गाजलेल्या उज्ज्वल निकम यांनी ही पदवी जळगावातच, मणियार विधी महाविद्यालयातून घेतली. या दोन नावांच्या मध्ये कोणीतरी एक मोठे काम केले. संस्था काढल्या, सकाळचे वर्ग भरवले, गावातले वकील शिकवायला आणले. त्या पिढीने शून्यातून महाविद्यालय उभे केले. आपण उभ्या महाविद्यालयाचे काय केले?

मुद्दा २. विद्यापीठ आले, पण कायदा मागेच राहिला.

पुणे विद्यापीठातून वेगळे होऊन १५ ऑगस्ट १९९० रोजी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. खानदेशाच्या गरजा पुण्यात बसून कळत नाहीत, हाच तेव्हाचा युक्तिवाद होता आणि तो बरोबरच होता. बांभोरीजवळ गिरणेच्या काठी उजाड माळावर परिसर उभा राहिला, झाडे वाढली, विज्ञानाच्या प्रशाळांनी नाव कमावले. २०१८ मध्ये विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. कायद्याची पदवी मात्र जिथे होती तिथेच राहिली. ती शिकवायची संस्थांच्या महाविद्यालयांनी, विद्यापीठाने मुख्यतः परीक्षा घ्यायची, निकाल लावायचा आणि दीक्षान्त समारंभात प्रमाणपत्र द्यायचे. ही वाटणी काही देवाने ठरवून दिलेली नाही. नागपूर विद्यापीठाने १९२५ मध्ये स्वतःचे विधी महाविद्यालय काढले आणि आज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने ते विद्यापीठच चालवते. अमरावती विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतलेले भूषण गवई २०२५ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले. दर्जाला महानगर लागत नाही, दर्जा आपला मानणारे विद्यापीठ लागते.

मुद्दा ३. पदवीचे नियम कागदावर चांगलेच आहेत.

बारावीनंतर पाच वर्षांची किंवा पदवीनंतर तीन वर्षांची एलएलबी आणि त्यापुढे एलएलएम, हा सारा आराखडा १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टखाली बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या देखरेखीत चालतो. कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार एका तुकडीत ६० च्या वर विद्यार्थी नकोत. मसुदालेखन, व्यावसायिक नीतिमत्ता, पर्यायी वादनिवारण आणि अभिरूप न्यायालय हे चार विषय प्रात्यक्षिकाचे. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप सक्तीची. वाचून समाधान वाटावे असेच हे सारे आहे. आता एखाद्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याचे जर्नल उघडून पाहा. ‘न्यायालयास दिलेली भेट’ या मथळ्याखाली खटल्याचा क्रमांक, पुकारा, सरतपास, उलटतपास, पुढील तारीख, असे सगळे सुबक अक्षरात लिहिलेले असते. मग शेजारच्याचे जर्नल उघडा. तोच क्रमांक, तीच साक्ष, तीच तारीख. आणखी चार उघडा. साक्षीदार उलटतपासात जिथे अडखळला, तिथे सहाही जर्नलांत तो तसाच अडखळलेला आहे! अभिरूप न्यायालयाचे लेखी निवेदन मागच्या तुकडीकडून झेरॉक्स होऊन येते. त्यातल्या चुकासुद्धा वारशाने मिळतात. हा रोग एका महाविद्यालयाचा नाही, राज्यभराचा आहे, पण म्हणून खानदेशाला माफी का असावी? ज्याने एकदाही दावा स्वतःच्या हाताने लिहिला नाही, त्याला सनद मिळते. मग त्याचे पहिले शिक्षण आपल्या दाव्यावर होते, आणि त्या शिकवणीची फी आपण भरतो.

मुद्दा ४. शिकवणार कोण?

तासिका तत्त्वावर. या दोन शब्दांत बहुतेक उत्तर येते. पाच वर्षांचा अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित, म्हणजे फी विद्यार्थ्याची आणि हाल शिक्षकाचे. नेट-सेट झालेला माणूस वर्षानुवर्षे तासांच्या हिशेबावर राबतो आणि प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या की त्याचे तासही बुडतात. अशात १ जुलै २०२४ पासून तीन मोठे फौजदारी कायदे एकदम बदलले. दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. रस्त्यावरच्या पोरालाही पाठ असलेले ३०२ आता १०३ झाले आणि चारसोबीस ३१८ मध्ये गेले. हा बदल वर्गात नीट शिकवायचा तर शिक्षकाला वेळ, पुस्तके आणि नोकरीची शाश्वती हवी. यांपैकी एकही न देता त्याच्याकडून विद्वत्तेची अपेक्षा करणे म्हणजे शुद्ध फसवणूक आहे.

मुद्दा ५. आपलेच तंटे आपल्या अभ्यासक्रमाबाहेर.

माझ्या मते सगळ्यांत मोठा दोष इथे आहे. कायद्याच्या विद्यार्थ्याला जे शिकायचे त्यातले निम्मे खानदेशात रोज घडते, पण वर्गात ते येत नाही.

साक्री तालुक्यातले राईनपाडा घ्या. १ जुलै २०१८, आठवडे बाजाराचा दिवस. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षुकांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्याच्या १७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींबाबत देशभरासाठी निर्देश दिले. नव्या न्याय संहितेच्या कलम १०३ मध्ये पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समूह, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून केलेल्या खुनासाठी वेगळे पोटकलमही आले. आता विद्यार्थ्यांना विचारा: राईनपाड्यासारखी घटना उद्या घडली, तर निव्वळ अफवेवरून केलेली हत्या या पोटकलमात बसेल का? ‘तत्सम कारण’ या शब्दांत अफवा येते का? अनोळखी भटका माणूस म्हणूनच संशय आला असेल, तर तो समूहावरून आलेला संशय नव्हे का? यावर आठवडाभर वाद घालता येईल. दिल्लीतल्या विद्यार्थ्याला हा प्रश्न पुस्तकात भेटेल. आपल्या विद्यार्थ्याला तो एसटीने साक्रीला जाऊन पाहता येतो.

जळगाव नगरपालिकेच्या घरकुल योजनेतल्या गैरव्यवहाराच्या खटल्याचा निकाल ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयात लागला. ठराव कसे होतात, ठेका कसा दिला जातो, लोकप्रतिनिधीची व्यक्तिगत जबाबदारी कुठून सुरू होते, नगरपालिका कायदा आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा एकमेकांत कसे गुंततात, या सगळ्याचा धडा आपल्या दोन शहरांत घडला. त्या निकालपत्राचे वाचन किती वर्गांत झाले असेल?

रावेर-यावलच्या केळीकडे या. हवामानावर आधारित फळपीक विम्याची भरपाई तापमान किती दिवस किती अंशांवर राहिले यावर ठरते आणि ती नोंद असते महसूल मंडळातल्या हवामान केंद्राची. बाग माझी जळाली, पण केंद्राच्या नोंदीत पारा तेवढा चढलाच नाही, तर? पुरावा कोणाचा ग्राह्य धरायचा? ग्राहक आयोगात जायचे की तालुका समितीकडे? करार, पुरावा आणि ग्राहक कायदा असे तीन विषय एका बागेत शिकवता येतात. पतसंस्थांत ठेवी अडकून म्हातारपण कोर्टकचेऱ्यांत गेलेली माणसे तर जळगावात गल्लोगल्ली भेटतील. सहकार कायदा शिकवण्यासाठी यापेक्षा जास्त काय हवे?

आणि सातपुडा. २००६ चा वनहक्क कायदा, १९९६ चा पेसा (अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा), धडगाव-अक्कलकुव्यापासून चोपडा-यावलपर्यंतचे दावे. ग्रामसभेचा ठराव, उपविभागीय समिती, जिल्हा समिती या पायऱ्यांवर दावा कुठे आणि का फेटाळला जातो, हे समजून घेणारा प्रशिक्षित तरुण पाड्यावर किती वेळा पोचतो? साक्री तालुक्यातल्याच बारीपाड्याने गावाच्या बळावर जंगल राखले. त्या कामासाठी चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्या विधी विद्यार्थ्यांची सहल मात्र उच्च न्यायालयाची इमारत बघायला जाते. इमारत जरूर बघावी. पण बारीपाडा न पाहता वनकायद्याचा पेपर सोडवणारा पदवीधर सातपुड्याच्या काय कामाचा?

मुद्दा ६. साक्ष अहिराणीत, निकाल इंग्रजीत.

मुंबई उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ १९८१ पासून आहे आणि आपले तिन्ही जिल्हे त्याच्याच कक्षेत येतात. धुळ्याच्या माणसाला कन्नडचा घाट, जळगावच्या माणसाला अजिंठ्याचा आणि धडगावच्या माणसाला त्याआधीचा सारा सातपुडा. तिथे पोचल्यावर कामकाज इंग्रजीत. खाली तालुक्याच्या न्यायालयात साक्षीदार अहिराणी, तावडी, भिली किंवा पावरी बोलतो, त्याची साक्ष मराठीत लिहिली जाते आणि अपिलात तीच इंग्रजीत वाचली जाते. या दोन उड्यांमध्ये माणसाचे म्हणणे किती शिल्लक राहते? पाड्यावरची बाई ‘तो तिकडून आला’ असे सांगताना हाताने नाल्याकडे दाखवते. वकिलाने ‘साक्षीदाराने उत्तरेकडील नाल्याच्या दिशेने निर्देश केला’ असे नोंदवून घेतले नाही, तर तो हात कागदावर येत नाही. हे कसब शिकवावे लागते. बोली समजणारा, मराठीत नेमका मसुदा लिहिणारा आणि खंडपीठात इंग्रजीत उभा राहणारा वकील घडवणे हे पुण्या-मुंबईच्या कोणत्याही संस्थेचे काम नाही. आपल्या विद्यापीठाने हे केले नाही, तर दुसरे कोणीही करणार नाही.

मुद्दा ७. पदवीनंतरची तीन वर्षे जगायचे कशावर?

आधी दिलासा. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सनदेसाठी खुल्या प्रवर्गाकडून ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींकडून १२५ रुपयांहून अधिक नोंदणी शुल्क घेता येणार नाही. त्याआधी हजारोंत पैसे मोजावे लागत. आता घाव. २० मे २०२५ च्या निकालाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. अट चुकीची आहे असे मी म्हणणार नाही, कारण अनुभवाशिवाय न्यायासनावर बसलेला तरुण पाहण्याची हौस कोणालाच नसते. पण पारोळ्याच्या शेतमजुराची मुलगी ही तीन वर्षे कशी काढेल? ज्युनिअरला मानधन द्यायची आपल्याकडे रीत नाही, दिवाळीला पाकीट मिळाले तरी नशीब. बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रामीण भागात दरमहा १५ हजार आणि शहरात २० हजार विद्यावेतनाची शिफारस केली, पण ती शिफारसच आहे. वकील संघ, विद्यापीठ आणि जिल्हा नियोजन समिती यांनी मिळून पहिल्या पिढीच्या काही वकिलांना विद्यावेतन देणे अवघड आहे का? कमानी आणि सुशोभीकरणाला पैसा निघतो, तर यालाही निघेल. नाही निघाला, तर न्यायाधीशाची खुर्ची पुन्हा ज्यांच्या घरी तीन वर्षे बसून खायची सोय आहे त्यांच्यासाठीच राखीव राहील.

मुद्दा ८. ‘वकील उदंड झाले, आणखी कशाला?’

हा आक्षेप हमखास येतो, आणि त्यात तथ्य आहे. संख्या वाढवा असे इथे कोणी म्हणत नाही. पण एक पाहा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीतली माणसे यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. म्हणजे खानदेशातली निम्म्याहून अधिक वस्ती! त्यांतल्या किती जणांना हे ठाऊक आहे? विधी महाविद्यालयात कायदा सहाय्य केंद्र असलेच पाहिजे, हा नियम आहे. ते केंद्र पाटीपुरते उरले की वकील उदंड असूनही माणूस एकटाच पडतो. कचेरीबाहेरच्या टपरीवर अर्ज लिहून घेणाऱ्या रांगेत शेवटच्या वर्षाचे दहा विद्यार्थी आठवड्यातून एकदा टेबल टाकून बसले, तर त्या रांगेलाही आणि त्या विद्यार्थ्यांनाही पुस्तकापेक्षा जास्त मिळेल.

मुद्दा ९. दार कुठे उघडे आहे?

ऑगस्ट २०२५ मध्ये बार कौन्सिलने नव्या विधी महाविद्यालयांवर तीन वर्षांची बंदी घातली. नव्या तुकड्या आणि नवे अभ्यासक्रमही पूर्वपरवानगीशिवाय काढता येणार नाहीत. दुकाने थाटणाऱ्यांना ही चपराक बसलीच पाहिजे होती. पण याच नियमांत अपवाद ठेवले आहेत. आदिवासी, दुर्गम आणि आकांक्षित जिल्ह्यांसाठीच्या प्रस्तावांचा विचार होऊ शकतो. महाराष्ट्रातल्या चार आकांक्षित जिल्ह्यांत नंदुरबार आहे. म्हणजे विद्यापीठाने मनावर घेतले, तर नंदुरबारात वनहक्क, पेसा आणि आदिवासी कायद्यावर भर देणारे स्वतःचे विधी केंद्र मागण्याची वाट खुली आहे. आणि जळगाव-धुळ्यात नवे काही न काढता आहे तेच सुधारण्याशिवाय पर्याय नाही, हेही बरेच झाले. पूर्णवेळ शिक्षक भरा, एलएलएमचे प्रबंध खानदेशच्या न्यायालयांतील खटल्यांवर करून घ्या, जर्नल तपासणाऱ्या समितीत प्रत्यक्ष वकिली करणारा माणूस बसवा. यासाठी कोणत्याही दिल्लीवाल्याच्या परवानगीची गरज नाही.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे विद्यापीठाला पाच वर्षांचा बृहत् आराखडा करावा लागतो. कुठे काय शिकवले जाईल हे त्यात ठरते आणि तो अधिसभेपुढे येतो. या अधिसभेत दहा सदस्य नोंदणीकृत पदवीधर निवडून देतात. आपल्यापैकी किती पदवीधरांनी नाव नोंदवले आहे? ज्यांनी नोंदवले, त्यांनी मते कोणाच्या सांगण्यावरून टाकली? पुढच्या निवडणुकीत उमेदवार पत्रक घेऊन दारात येईल. त्याला बसवा, चहा द्या आणि तीन गोष्टी लेखी मागा: आपल्या विधी महाविद्यालयांत मंजूर पदांपैकी किती भरली आहेत, मागच्या वर्षी कायदा सहाय्य केंद्रांनी किती माणसांचे काम केले, आणि नंदुरबारच्या विधी केंद्राचा प्रस्ताव तो कोणत्या तारखेपर्यंत मांडणार आहे.